मिठाच्या खेपा आणि कुंकवाचं मेण

आमच्या दारात ट्रक उभा असायचा, पण त्याला घरात कुणी ट्रक म्हणत नसे. ती ‘गाडी’ होती. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आणि जुन्नरच्या चाचांनी ती भागीत घेतली होती. अण्णा चालवायचे, चाचा इंजिनाकडे बघायचे आणि लांबच्या खेपेला स्टिअरिंगवर हात बदलायला सोबत जायचे. चाचांच्या घरी जुन्नरात भांड्यांना कल्हई करायचं काम पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. भावांनी ते पुढे चालवलं, चाचा तेवढे गाड्यांकडे वळले. राजुरीला आमच्याकडे त्यांचं येणं-जाणं इतकं होतं, की आईच्या आमटीला नावं ठेवायचा हक्क अण्णांच्या आधी त्यांनाच मिळाला होता.

ही गोष्ट नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीची आहे. गाडी जुनी घेतलेली. हौद्याच्या फळ्या कुठं कुठं बदललेल्या, दरवाजा जोरात ओढल्याशिवाय न लागणारा. पण तिचं तोंड मात्र नव्या नवरीसारखं होतं. अण्णांनी बंपर काढून पुण्याला नेला आणि त्याच्यावर निकेल चढवून आणलं. जाळीवरची आडवी पट्टी, आरशांच्या चौकटी, टपावरचे दोन भोंगे, सगळं चकचकीत. लोकांनी गाडीवर गुलाब रंगवून घ्यावेत, शेरोशायरी लिहून घ्यावी. अण्णांना त्यातलं काही नको होतं. त्यांना चमक आवडायची.

आमचं घर रस्त्याच्या वळणावर होतं. दुपारची गाडी फाट्यावरून आत वळली, की बंपरवरचं ऊन आधी आमच्या ओट्याच्या भिंतीवर यायचं. पांढरा, लांबट, थरथरता कवडसा. तो भिंतीवर सरकायला लागला की आई चुलीवर तवा टाकायची आणि ताई चपला न घालता फाट्याकडे पळत सुटायची. ताई माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. अण्णा फाट्याच्या अलीकडे गाडी हळू करायचे, तिला केबिनमध्ये घ्यायचे आणि तिथून दारापर्यंत ती त्यांच्या शेजारी बसून यायची. तेवढं अंतर म्हणजे काय, एक बिडी ओढून होईल इतकं. पण अण्णा महिन्यातले कितीतरी दिवस रस्त्यावर असायचे आणि घरी आले की माणसांनी वेढलेले असायचे. ताईला ते एकटीला मिळायचे ते फक्त त्या तुकड्यात. तिथं ती त्यांना काय सांगायची हे तिनं मला कधी सांगितलं नाही. ती लग्नाच्या वयाची झाली तरी फाट्यापर्यंत जायची. फक्त तेव्हा पळत जायची नाही, चालत जायची.

त्या वर्षी तुळशीची लग्नं झाल्यावर ताईची सुपारी फुटली. निरगुडसरचं स्थळ, शेतीवाडीचं, माणसं मोकळी. बैठक आमच्याच ओट्यावर बसली होती. देण्याघेण्याचं, मानपानाचं बोलून झालं, आणि मग ताईच्या होणाऱ्या सासऱ्यांनी सांगितलं, की नवरीला न्यायला त्यांच्या भाच्याची पांढरी जीप येईल. त्या काळात आमच्या भागात वऱ्हाड ट्रकच्या हौद्यातून जायचं, पण नवरा-नवरीसाठी जीप मिळाली तर ती मोठी गोष्ट होती.

आत स्वयंपाकघरात ताईनं आईचा पदर ओढला. आई दारापर्यंत गेली आणि अण्णांना खुणेनं बोलावून घेतलं. अण्णा परत जाऊन बसले, जरा घसा साफ केला आणि म्हणाले, “व्याही, एक इनंती हाय. पोरीची पाठवनी माझ्या गाडीतनं व्हऊ द्या. मी सवता घेऊन येईन तिला.”

सासऱ्यांनी अंगणात उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं. माणूस उंचापुरा, मिशा पांढऱ्या, आणि चेष्टा करताना चेहऱ्यावरची रेषही न हलणारा.

“पावनं, थंडीत मीठ वाहती तीच ही गाडी ना?”

“तीच.”

“मग कसं करायचं राव? मिठाच्या गाडीत घालून सून आनली तर लोक म्हनतील, राजुरीकरांनी लोनचं धाडलं.”

बैठक खदखदून हसली. अण्णाही हसले, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दाराआडून दिसल्या. हसू ओसरल्यावर ते शांतपणे म्हणाले, की लग्न वैशाखात आहे, त्याआधी तुम्ही या, गाडी बघा. पोरीला बसवण्याजोगी वाटली तर बसवा, नाहीतर जीप आहेच.

“ठरलं,” सासरे म्हणाले. “मी येनार. आन् मला बैलाच्या दातावरनं वय कळतं, तशी गाडी बी कळती, हे ध्यानात ठिवा.”

पाहुणे गेल्यावर चाचांनी अण्णांना विचारलं, की मग यंदा मीठ सोडायचं का? अण्णा म्हणाले, लग्नाच्या वर्षी कसं सोडायचं?

मिठाचं हे प्रकरण जरा सांगायला हवं. आमच्याकडून कांदा, टोमॅटो, मेथी-कोथिंबीर मुंबईच्या बाजाराला जायची. माळशेज घाट उतरून गाडी खाली जाई, माल उतरे, आणि परत येताना काही भरून आणलं तरच ती खेप अंगावर न येता पार पडे. थंडी सुरू झाली की खाडीकाठच्या मिठागरांत नवं मीठ निघायला लागायचं. आळेफाट्यापासून मंचरपर्यंत त्याला गिऱ्हाईक होतं: बर्फाचे कारखाने, कातड्याचे व्यापारी, आठवडे बाजारात खडेमीठ विकणारे, गुरांसाठी नेणारे शेतकरी. पुडीतलं मीठ अजून सगळ्यांच्या घरात पोचलं नव्हतं. मीठ लोखंड खातं म्हणून चांगल्या गाड्यांचे मालक ही खेप घेत नसत. त्यामुळे ज्याला घ्यायची त्याला ती कधीही मिळायची.

नवं मीठ ओलं असतं. गोण्यांतून खारं पाणी पाझरून हौद्याच्या फटींतून खाली ठिबकायचं. पाट्यांना आणि चाशीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, चाचा जळकं ऑइल फासायचे, त्याची काळजी नव्हती. काळजी होती ती तोंडाची. मिठागरातला रस्ता म्हणजे खाऱ्या चिखलाचा बांध. चाकांनी उडवलेला तो चिखल बंपरवर, जाळीवर बसायचा. वरून घाटात पुढे मिठाचीच गाडी लागली तर तिची गळती रस्त्यावर, आणि तिचे तुषार आमच्या गाडीच्या तोंडावर. सकाळी गाडी दारात उभी राही तेव्हा बंपरवर पांढरी खरपुडी धरलेली असायची, भाताच्या पेजेचा थर वाळावा तशी.

ती काढायचं काम आईनं आपल्याकडे घेतलं, कारण मीठ कसं काढायचं याचे तिचे नियम होते. मीठ पायाखाली येता कामा नये. सांडलेलं मीठ मेल्यावर डोळ्यांच्या पापण्यांनी वेचावं लागतं, हे आम्ही दोघी बहिणी बोलायला शिकलो तेव्हापासून ऐकत होतो. गाडीवर पाण्याची बादली मारली असती तर ते खारं पाणी अंगणातून, उंबऱ्यासमोरून गल्लीत वाहत गेलं असतं आणि त्याच्यावरून सगळं गाव चाललं असतं. आईला ते चालण्यासारखं नव्हतं. म्हणून आम्ही मीठ कोरडंच काढायचो. ताई बंपरच्या एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, हातात जुन्या धोतराचं फडकं. खाली आई सूप धरून बसायची. आम्ही घासून खरपुडी सुपात पाडायचो आणि मग आई ते मीठ गोठ्यात नेऊन गुरांच्या घमेल्यात टाकायची. गुरं ते चवीनं चाटायची. कणही वाया जात नव्हता, कुणाच्या पायाखाली येत नव्हता.

मग आम्ही तेच फडकं जोर लावून फिरवायचो. ताईचा जोर माझ्यापेक्षा जास्त, कारण तिला कारण होतं. घासता घासता ती बंपरमध्ये आपला चेहरा बघायची. बंपरच्या गोलाईमुळे त्यात नाक भोपळ्याएवढं दिसायचं. मी म्हणायचे, निरगुडसरची माणसं हे नाक बघून परत जातील. ती फडकं माझ्या तोंडावर फेकायची.

थंडीच्या त्या सकाळी मला आजही जशाच्या तशा आठवतात. तोंडातून वाफा निघायच्या, बोटं बधिर झालेली असायची. बंपरचं लोखंड इतकं गार, की हात चिकटेल असं वाटायचं. चुलीवर बाजरीची भाकरी भाजल्याचा वास यायचा. अण्णा ओट्यावर चहाची बशी घेऊन बसलेले. त्यांचे डोळे जागरणानं तांबारलेले असायचे, पण आमच्या हातांकडे बघताना चेहऱ्यावर समाधान असे. एकदा ते आईला म्हणाले, की अशी निगा तर कंपनीनंही राखली नसती. त्या दिवशी त्यांच्या ताटात लोणी जास्त पडलं.

संक्रांत झाली असेल. दुपारी मी ओट्यावर शेंगा फोडत होते. गाडी फाट्यावरून वळल्याचा आवाज आला आणि मी सवयीनं भिंतीकडे पाहिलं. कवडसा आला, पण नेहमीसारखा नाही. कडा विरघळलेल्या, मध्येच मळकट, ताकात पाणी जास्त झाल्यासारखा. मी आईला हाक मारली. तिनं भिंतीकडे पाहिलं, मग आकाशाकडे. ढग नव्हता.

अण्णा उतरले तेव्हा आम्ही तिघीही गाडीपुढे उभ्या होतो. दुपारचं ऊन बंपरवर सरळ पडलं होतं. सकाळच्या मऊ उजेडात जे इतके दिवस कळलं नव्हतं ते आता स्पष्ट दिसत होतं. सगळ्या बंपरभर बारीक रेघा होत्या, केसांहून बारीक, आमचे हात फिरले होते त्याच गोलाईनं. आणि डाव्या कोपऱ्यात, जिथं ताई जोर लावायची, तिथं तपकिरी ठिपके उठले होते. अण्णांनी त्यांच्यावरून नख फिरवलं. नखाला गंज लागला.

चाचा मागून उतरून आले. त्यांनी वाकून पाहिलं, सुपाकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते आईला हळूच म्हणाले, “वैनी, कल्हईचं भांडं तुमी वाळूनं घासता का?”

आई म्हणाली, “वाळूनं कशापायी घासू? कल्हई उडंल.”

“मग ही बी कल्हईच हाय समजा. जरा महाग, एवढंच. आन् मीठ कोरडं असलं म्हंजी वाळूच.”

आईनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, “मला कुनी सांगितलं न्हाई, ही कल्हई हाय म्हनून.”

खरंच कुणी सांगितलं नव्हतं. अण्णांना वाटलं होतं धोतराचं फडकं मऊ, त्यानं काय ओरखडा पडणार, आणि आम्हाला वाटलं होतं चमक म्हणजे लोखंडाचीच चमक, घासेल तितकी वाढणारी. चाचांनी सुचवलं, की सरळ अंगणात पाण्यानं धुवायची, दुसरा इलाज नाही. पुण्याला नेऊन परत निकेल चढवणं त्या वर्षी जमण्यासारखं नव्हतं, आणि ते दोघांपैकी कुणी बोलूनही दाखवलं नाही. आई मात्र पाण्यावरही तयार होईना. तिच्या डोळ्यांत पाणी होतं तरी ती म्हणाली, “पोरीच्या पाठवनीची गाडी हाय. तिच्याच उंबऱ्याफुडं मी मीठ तुडवू द्यायची न्हाई.”

अण्णा चिडून परड्याकडे निघून गेले. ताई आत गेली आणि तिनं पीठ मळायला घेतलं, संध्याकाळ व्हायला वेळ होता तरी. ती एवढंच म्हणाली, की जीप आली तरी काय बिघडलं, जीप पण गाडीच आहे. ते ऐकून आईनं परातीकडे बघितलं आणि बाहेर जाऊन बसली. त्या घरात त्या दिवशी कुणी कुणाला दोष दिला नाही, आणि म्हणूनच सगळ्यांना जड गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं धुण्याची बुट्टी भरली, घमेलं घेतलं आणि अण्णांना म्हणाली, गाडी काढा. कुठं, ते विचारलं तर म्हणाली, कुकडीवर. गाडीच्या केबिनमध्ये मी आईला पहिल्यांदाच बसलेली पाहिली. तिनं दोन्ही हातांनी समोरची पट्टी घट्ट धरली होती. पुलाखाली, नदीला उतार होता तिथं, अण्णांनी पुढची चाकं पाण्यात घातली. आई लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात उतरली आणि घमेल्यानं पाणी घेऊन बंपरवर ओतू लागली. हात न लावता, नुसतं ओतत राहिली. खरपुडी मऊ होऊन ओघळली आणि प्रवाहाबरोबर निघून गेली.

“मीठ पान्यातनंच आलं ना?” ती अण्णांना म्हणाली. “मग वाहत्या पान्यात गेलं तर ते कुनाच्या पायाखाली येतंय?”

अण्णांनी पायजमा वर केला आणि तेही पाण्यात उतरले.

घरी आल्यावर गाडी उन्हात वाळली. मग आईनं कपाटातून आपली कुंकवाची पेटी आणली. आमच्याकडच्या जुन्या बायका कपाळाला आधी बोटानं मेण लावायच्या, आणि मग त्यावर कुंकू टेकवायच्या. म्हणजे घामानं, पाण्यानं ते ओघळत नसे. हे मेण पोळ्याचं. डोंगराकडची ठाकर माणसं मध काढायची, त्यांच्याकडून ते बाजारात यायचं. आईनं मेणाचा गोळा वाटीत घेतला, त्यात शेंगदाण्याचं तेल घातलं आणि विस्तवावर धरून पातळ केलं. “कपाळाला पानी लागत न्हाई, तर ह्याला कशाला लागंल?” एवढंच तिचं म्हणणं. फडक्याच्या टोकानं तिनं बंपरवर पातळ हात फिरवला, मग पट्टीवर, आरशांच्या चौकटींवर. वाळल्यावर दुसऱ्या फडक्यानं हलकेच पुसून घेतलं. पाण्याचे चार थेंब टाकले. ते थेंब अळूच्या पानावर राहावेत तसे गोल होऊन घरंगळले.

चाचा दारात उभे राहून हे बघत होते. म्हणाले, “आता मेन लावलंच हाय, तर कुंकू बी लावा वैनी. गाडी सवाष्ण दिसंल.”

आई म्हणाली, “तुमची भागी हाय तिच्यात. आधी तुमी लावा.”

त्यावर चाचा इतके हसले, की त्यांना खोकला लागला. घरातला ताण त्या हसण्यानं मोडला.

तेव्हापासून आमचा नेम ठरला. खेपेला निघायच्या आधी मेण. परत येताना घरी यायच्या अगोदर नदी. पाणी ओतायचं, घासायचं नाही. मग ऊन, मऊ फडकं, पुन्हा मेण. अण्णा पूर्वी कधी कधी बंपरवर ग्रीस थापायचे, त्याला धूळ आणि मीठ दोन्ही चिकटायचं. ते त्यांनी सोडून दिलं. ताई आणि मी सुटीच्या दिवशी नदीवर जायचो. माघात पाणी आटलं, उतार खोल गेला, मग कमरेएवढ्या खडकांवरून घमेली वर द्यावी लागायची. धुणाऱ्या बायका विचारायच्या, की ही गाडी काय बैल आहे का न्हाऊ घालायला? ताई सांगायची, हो, आणि पोळ्याला शिंगंही रंगवणार आहे.

रेघा पुसट झाल्या, म्हणजे मेणानं भरल्या गेल्या असाव्यात. पण डाव्या कोपऱ्यातले ठिपके राहिले. वाढले नाहीत, गेलेही नाहीत. अण्णा रोज तिथं बोट फिरवायचे.

पुढे मी कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं. आमच्या भावकीत पदवीपर्यंत गेलेली मी पहिली. प्रयोगशाळेत सरांनी एकदा शिकवलं, की मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि धातूवरच्या मुलाम्याला चीर पडली की गंज आत शिरतो. वर्गात बाकीचे लिहून घेत होते. माझ्यापुढे सूप होतं, धोतराचं फडकं होतं आणि ताईचा जोरजोरात फिरणारा हात होता. तो धडा मला पाठ करावा लागला नाही. त्या कॉलेजपर्यंत मला ज्या खेपांनी पोचवलं त्या बहुतेक मिठाच्याच होत्या, हे मी तेव्हाही विसरले नव्हते आणि आता पगाराची नोकरी करतानाही विसरत नाही.

चैत्रात, यात्रांचे दिवस चालू असताना, ताईचे सासरे ठरल्याप्रमाणे आले. बस्त्याचं बोलायला आले होते, पण चहा संपला तसे उठले आणि सरळ गाडीकडे गेले. अण्णा त्यांच्या मागे. चाचा इंजिनाचं झाकण उघडून बसले होते, ते तिथंच थांबले. आई दारात. ताई आत, पण खिडकीच्या गजांना तिची बोटं धरलेली मला दिसत होती.

सासऱ्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. चाकांवर पायानं मारून पाहिलं, दरवाजा ओढून पाहिला. तो पहिल्या झटक्याला लागला नाही. मग पुढे येऊन बंपरसमोर उकिडवे बसले. उन्हात बंपर झळकत होता. त्यांची नजर फिरत फिरत डाव्या कोपऱ्यावर थांबली.

“हे काय?”

अण्णांना सांगता आलं असतं, की दगड उडाला होता, की आधीपासूनचंच आहे. ते म्हणाले, “मीठच. पुसताना चूक झाली घरच्यांकडनं, संक्रांतीच्या सुमाराला. तेवढं ऱ्हाईलं, ते जायाचं न्हाई. पर त्याच्यानंतर एक ठिपका वाढू दिला न्हाई.”

“मीठ वाहनं बंद केलं?”

“न्हाई. परवाच खेप टाकली.”

सासऱ्यांनी मान वर करून अण्णांकडे पाहिलं. मग त्यांनी आपलं मधलं बोट बंपरवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत नेलं, ठिपक्यांवरूनही, जाळीच्या पट्टीमागच्या खाचेतही घातलं. आणि ते बोट त्यांनी जिभेला लावलं.

ते तोंडातल्या तोंडात चव घेत राहिले, आमटी चाखावी तसे. चेहऱ्यावर काही नाही.

“अळनी हाय,” शेवटी ते म्हणाले. “लोनचं व्हनार न्हाई ह्याचं.” गुडघ्यावर हात टेकून ते उठले. “जीप ऱ्हाऊ द्या पावनं. ह्याच गाडीतनं आना सून.”

खिडकीतली बोटं नाहीशी झाली. आत भांडं पडल्याचा आवाज आला.

लग्न आमच्या अंगणात झालं. आदल्या दिवशी गाडी नदीवर न्हाली आणि आईनं पेटीतलं राहिलेलं सगळं मेण तिला लावलं. चाचांनी आंब्याच्या डहाळ्या आणि झेंडूच्या माळा बांधल्या. डाव्या कोपऱ्यावर माळेचा झुबका सोडावा असं त्यांच्या मनात होतं. अण्णांनी तो सोडू दिला नाही. व्याह्यांनी बघितलंय ते, म्हणाले, आता झाकायचं कुणापासून?

पाठवणीच्या वेळी ताई रडत आली, सगळ्या नवऱ्या रडतात तशी. आईच्या गळ्यात पडली, माझ्या पडली. गाडीपुढे आली तशी थांबली. कुणीतरी हळदी-कुंकवाचं ताट पुढे केलं. तिनं हळदीत बोटं बुडवली आणि बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर, त्या ठिपक्यांवर, पाच बोटं ओढली. त्यावर कुंकू टेकवलं. मेणामुळे ते पक्कं बसलं. मग पदर सावरून, आधार न घेता, लहानपणापासूनच्या सवयीनं केबिनमध्ये चढली.

मी पाठराखीण म्हणून तिच्याबरोबर होते. केबिनमध्ये अण्णा, ताई, नवरा मुलगा आणि दाराशी चेपून मी. मागे हौद्यात वऱ्हाड, आणि चाचा, ज्यांचा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू यायचा. आळेफाटा गेला, नारायणगाव गेलं, कळंब गेलं. अण्णांनी एकदाही भोंगा वाजवला नाही आणि एकाही गाडीला मागे टाकलं नाही. उसाच्या बैलगाडीमागेसुद्धा ते निमूट चालत राहिले. मागून पोरांनी ओरडून विचारलं, की मामा, तेल संपलं का? ताई त्यांच्या शेजारी बसली होती. निरगुडसरच्या अलीकडे गावाचा फाटा आला, तिथं अण्णांनी आपोआप वेग आणखी कमी केला. ताई त्यांच्याकडे बघून म्हणाली, “अण्णा, इथनं पुढं मी चालत येत जाईन फाट्यापतुर. तुमी मिठाच्या खेपेवरनं येताना थांबायचं.”

अण्णा समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, “थांबंन की.”

आणि ते थांबायचे. मंचरच्या बाजूला मीठ उतरवायचं असलं, की वाट वाकडी करून निरगुडसरच्या फाट्यावर यायचे. ताई आधी एकटी यायची, मग कडेवर पोर घेऊन. मग पुडीतलं मीठ घरोघर आलं, खडेमिठाची गिऱ्हाईकं गेली, आणि दोन हजार सालानंतर काही वर्षांनी गाडीही गेली. आमच्या ओट्याच्या भिंतीवर त्यानंतर कवडसा आला नाही. जागा तीच आहे, आम्ही तिथं आता कॅलेंडर लावतो.

लग्नाच्या रात्री मी ताईकडे राहिले आणि अण्णा गाडी घेऊन परतले, त्यामुळे पुढचं मला आईकडून कळलं. सकाळी ती फडकं आणि घमेलं घेऊन गाडीशी गेली. फुलं कोमेजली होती, तोंडावर रस्त्याची धूळ बसली होती. अण्णा तिच्या आधीच उठून तिथं उभे होते. त्यांनी उजवी बाजू, जाळी, आरसे, सगळं स्वतः पुसलं होतं. डावा कोपरा तसाच होता. आईनं हात पुढे केला तर म्हणाले, “तेवढं ऱ्हाऊ दे.”

पावसाळ्यात गाडी परड्यातल्या छपराखाली उभी असायची, म्हणून हळद बरीच टिकली. थंडी पडली, मिठाची पहिली खेप ठरली, आणि आईनं विस्तवावर वाटी ठेवली. मी फडकं धरलं होतं. तिनं सगळ्या बंपरला नेहमीसारखा पातळ हात दिला. डाव्या कोपऱ्याशी आल्यावर ती थांबली, फडकं बाजूला ठेवलं, आणि त्या पाच बोटांवर आपल्या बोटानं मेण लावलं, जाड, कपाळाला लावतात तसं.